बोअरच्या पाण्यानं कडक झालेल्या चादरी

आमच्या यवतमाळकडच्या गावात बोअरचं पाणी जड. बकेटीच्या काठावर पांढरा थर बसतो, तसाच सुती चादरींतही बसत होता. पांढऱ्या चादरी राखाडी झाल्या, वाळल्या की पापडासारख्या कडक. मी साबणाची वडी आणखी जोरात घासायची, चूक तिथंच होती. जड पाण्यातला चुना साबणाशी मिळून चिकट साका होतो अन् धाग्यांत अडकतो.

वडी सोडली, पावडर घेतली. धुतल्यावर अर्धी बकेट पाण्यात दोन चमचे निंबूसत विरघळवून चादर अर्धा तास बुडवली, मग साध्या पाण्यात खंगाळली. पाणी दुधाळ निघालं! तिसऱ्या धुण्याला कापड हाताला मऊ लागलं. निंबूसतात ब्लीच मात्र कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो. रंगीत चादर मी मे महिन्यात उलटी करून सावलीतच वाळवते.