प्रौढ वयात गाणे शिकताना : आधी आपला षड्ज

लहानपणी गाणे शिकायचे राहून गेले आणि चाळिशी-पन्नाशीत ती इच्छा पुन्हा वर आली, अशा माणसांसाठी हे लिहीत आहे. मी स्वतः वयाच्या ४४व्या वर्षी पहिल्यांदा तानपुऱ्यासमोर बसलो. घरात गाण्याची परंपरा नव्हती, पेटीवरचे सूर ओळखता येत नव्हते. येथे हिंदुस्थानी पद्धतीचाच विचार केला आहे, कारण आपल्याकडचे बहुतेक वर्ग, शिक्षक आणि भजनी मंडळे त्याच वाटेने शिकवतात आणि गातात.

प्रौढ माणूस वर्गात येतो तो बहुधा एक शंका मनात धरून : ‘मला मुळात सूरच कळत नाही.’ ही शंका आधी घरीच तपासून पाहावी. ओळखीच्या गाण्याची चाल कोणी शब्दांवाचून गुणगुणली तर ती ओळखू येते का, आणि एखादा गायक बेसूर झाला तर कानाला खटकते का, एवढेच पाहायचे. या दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर कान शाबूत आहे. कमी पडते ती कानाने ऐकलेले गळ्यातून अचूक काढण्याची सवय, आणि ती कोणत्याही वयात लावता येते. सुरांतील फरक जन्मतःच कळत नाही अशी माणसे असतात, पण ती फार थोडी.

पहिले खरे काम म्हणजे आपली पट्टी ठरवणे. पट्टी म्हणजे आपला षड्ज, म्हणजे ‘सा’, पेटीवरच्या कोणत्या पट्टीवर धरायचा ते. पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या ‘पांढरी एक, दोन…’ आणि काळ्या ‘काळी एक, दोन…’ अशा मोजतात. साधारणपणे पुरुषांचा षड्ज पांढरी एक ते काळी दोन या टप्प्यात आणि स्त्रियांचा पांढरी चार ते काळी पाच या टप्प्यात बसतो, पण हा अंदाज आहे, नियम नव्हे. ज्या षड्जापासून खाली उतरताना मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) स्पष्ट ऐकू येतो आणि वर चढताना तार षड्ज (वरच्या सप्तकातला सा), शक्य तर तार गांधारही (वरचा ग), मानेच्या शिरा न ताणता लागतो, तो आपला षड्ज. ध्वनिमुद्रित गाण्यांबरोबर गाऊन ज्यांनी आवाज तयार केला आहे त्यांची पट्टी जवळजवळ नेहमीच गरजेपेक्षा उंच असते, कारण त्यांनी ती स्वतःच्या गळ्यावरून नव्हे तर मूळ गायकाच्या गळ्यावरून उचललेली असते.

या बाबतीत सामूहिक वर्गात फसगत होते. पुरुषाचा षड्ज काळी एक असेल तर तो सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा असतो. पंचम षड्जाच्या दीडपट, म्हणजे त्याचा पंचम सुमारे २०८ कंपनांचा, आणि काळी चारवर गाणाऱ्या स्त्रीचा षड्ज नेमका तेवढाच असतो. म्हणजे एकाचा पंचम तो दुसरीचा षड्ज. असे असताना सगळ्या वर्गाला एकाच पट्टीत गायला लावले की कोणाचा तरी गळा ओढला जाणारच. मी ज्या पहिल्या वर्गात गेलो तेथे आठ महिने काळी चारवर गात होतो, घसा रोज संध्याकाळी दुखत असे, आणि हे आपल्या कुवतीचे लक्षण आहे असे मी समजत होतो. पट्टी बदलल्यावर दुखणे थांबले. म्हणून वर्गात नाव घालण्यापूर्वी ‘मला माझ्या पट्टीत गाता येईल का?’ हा प्रश्न संकोच न करता विचारावा.

दुसरे काम तानपुऱ्याचे. मिरजेचा भोपळ्याचा तानपुरा घरी असेल तर उत्तमच, पण सुरुवातीला इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा मोबाइलवरचे ॲप पुरते. त्यावर आपली पट्टी लावावी, पहिली तार पंचमाची ठेवावी (मधल्या दोन तारा षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची, असते) आणि आवाज आपल्या गाण्यापेक्षा किंचित कमी ठेवावा. त्यानंतर पाच मिनिटे काहीही न गाता ऐकत बसावे. ही पाच मिनिटे वाया जात आहेत असे प्रौढ माणसाला हमखास वाटते, कारण आपल्याला लवकर काहीतरी ‘करायचे’ असते. पण सगळी शिकवण येथेच सुरू होते. उत्तम जुळलेल्या तानपुऱ्यात खर्जाची तार घुमू लागली की काही वेळाने तिच्यातून गांधार ऐकू येतो, जो कोणत्याही तारेवर लावलेला नसतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आला तेव्हा मला जो आनंद झाला, तो नंतर पहिला राग बसल्यावरही झाला नाही.

मग षड्ज लावावा. षड्जाच्या किंचित खालून ‘आ’ सुरू करून हळूहळू वर सरकत यावे. आवाज सुराच्या जवळ आला की एक बारीक थरथर जाणवते, आणि तो सुरात मिसळला की थरथर मावळून आपला आवाज तानपुऱ्यात विरघळल्यासारखा वाटतो. ती जागा सापडली की श्वास संपेपर्यंत तेथे थांबायचे. आवाज मोठा करायचा नाही, कापरा करायचा नाही, शेवटी खाली पडू द्यायचा नाही. ताठ पण सैल बसावे, खांदे उचलून नव्हे तर पोट व बरगड्या पसरून श्वास घ्यावा, आणि जबडा सोडून तोंड नीट उघडावे. बहुतेक प्रौढांचा आकार (‘आ’चा उच्चार) दबलेला निघतो, कारण इतरांना ऐकू जाऊ नये या भीतीने ते तोंड अर्धेच उघडतात. घरच्यांना आधी सांगून ठेवावे आणि दार लावून घ्यावे, पण आवाज मोकळा सोडावा.

पेटी वाजवत वाजवत सूर लावण्याची सवय मात्र सुरुवातीला टाळावी. पेटी हे थोर साथीचे वाद्य आहे, परंतु तिचे सूर समान अंतरांनी बांधलेले असल्यामुळे तिचा शुद्ध गांधार तानपुऱ्यातल्या स्वयंभू गांधारापेक्षा किंचित चढा असतो. शिवाय दोन सुरांमधली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, तिला दाखवता येत नाही. याच स्वरूपाच्या आक्षेपांमुळे १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. बंदी योग्य होती असे माझे मत नाही. पण नवशिक्याने आधी कान तानपुऱ्यावर तयार करावा आणि सूर तपासण्यापुरतीच पेटी वापरावी, हे मला पूर्ण पटलेले आहे.

षड्ज आठवडाभर स्थिर लागू लागला की षड्ज-पंचम-तार षड्ज हे तीन खांब पक्के करावेत आणि त्यानंतर सातही शुद्ध सुरांच्या मागे न लागता भूप राग घ्यावा. भूपात मध्यम (म) आणि निषाद (नी) नाहीत. सा, रे, ग, प, ध एवढेच पाच सूर, सगळे शुद्ध, आणि कोठेही अर्ध्या सुराचे चिंचोळे अंतर नाही, त्यामुळे चूक झाली तर ती स्वतःला ऐकू येते. ‘सारेग, रेगप, गपध, पधसां’ हा एक अलंकार संथ लयीत महिनाभर गायला तरी चालेल, मात्र प्रत्येक सुरावर क्षणभर थांबून तो तानपुऱ्याशी पडताळून पाहावा. भूप हातात आला की यमन, कारण तेथे तीव्र (चढा) मध्यम आणि निषाद यांची ओळख होते. सकाळी वेळ मिळत असेल तर दहा मिनिटे मंद्र सप्तकात, जितके खाली सहज जाता येईल तितकेच, खर्ज भरावा, म्हणजे खालचे सूर लांब धरावेत.

रोज २५ मिनिटे बसणे हे रविवारी तीन तास बसण्यापेक्षा पुष्कळ उपयोगाचे आहे. या २५ मिनिटांतली शेवटची दोन मिनिटे मोबाइलवर मुद्रित करून लगेच ऐकावीत. आपला आवाज परका आणि पातळ वाटेल. बोलताना-गाताना आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, आणि मुद्रणात तो भाग नसतो, एवढेच त्याचे कारण. त्या परकेपणाकडे दुर्लक्ष करून सूर कोठे उतरला तेवढेच ऐकावे.

ताल हाताने शिकावा. त्रितालाच्या १६ मात्रा, १, ५ आणि १३व्या मात्रेवर टाळी, ९व्या मात्रेवर खाली (टाळी न देता हात मोकळा सोडणे). हे चालताना, भाजी चिरताना मोजता येते, आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येण्याची ओढ अंगात भिनली की बंदिश (रागातले तालबद्ध गीत) शिकणे सोपे जाते.

शिक्षक हवाच. स्वतःची चूक स्वतःला ऐकू येण्यास वर्षे लागतात आणि तोवर ती मुरते. शिक्षक निवडताना त्यांचे नाव किती मोठे आहे यापेक्षा ते तुमचा एकट्याचा आवाज दर वेळी ऐकतात का, हे पाहावे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा ‘प्रारंभिक’ या पहिल्या परीक्षेपासून प्रौढांनाही देता येतात. त्यांच्यामुळे अभ्यासाला शिस्त लागते, पण पहिल्या वर्षी परीक्षेची घाई करू नये. स्वरलिपी मात्र लवकर शिकून घ्यावी. प्रौढांची स्मरणशक्ती लहान मुलांसारखी चटकन टिपून घेत नाही, आणि सुराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल (उतरलेला सूर), मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र, खाली टिंब म्हणजे मंद्र, वर टिंब म्हणजे तार, या भातखंडे पद्धतीच्या चार खुणा कळल्या तरी वहीचा मोठा आधार होतो. गाताना मात्र वही मिटलेली असावी.

घसा दुखू लागला तर त्या दिवशी गाणे थांबवावे. जोर लावून आवाज ‘फोडण्याचा’ सल्ला कोणी दिला तरी मानू नये. रात्री उशिरा तिखट, तेलकट जेवून लगेच आडवे होण्याची सवय असेल तर पोटातले आम्ल घशापर्यंत येऊन सकाळी आवाज जड होतो, तेव्हा जेवणाची वेळ अलीकडे आणावी. आवाज बसून तीन आठवड्यांत सुधारला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

पहिले गाणे म्हणून मी अभंग सुचवीन. चाल आवाक्यातली, शब्द बहुधा पाठ असलेले आणि ठेका आठ मात्रांचा असतो. सहा-आठ महिन्यांनी जवळच्या भजनी मंडळात जाऊन बसावे. तेथे पखवाज ज्या पट्टीत लावला असेल त्याच पट्टीत सगळे गातात, तेव्हा आधी ती पट्टी विचारावी. ती आपल्या षड्जापेक्षा उंच असेल तर पुढे होऊन गाण्याचा आग्रह न धरता टाळ हाती घ्यावा, धृपदाला (अभंगाच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीला) साथ द्यावी आणि आपल्या पट्टीत पखवाज लागेल त्या दिवशी एक अभंग मागून घ्यावा.