पिकअप घेताना गाडी थरथरते? या चुका टाळा (मी केल्यात, म्हणून सांगतोय)

आमची पेट्रोल हॅचबॅक तिसऱ्या गिअरात दाबली की थरथरायची. ४० ते ६० च्या मधी, आणि चढ लागला की जास्तच. वाघबिळाच्या चढाला तर सीटखाली कुणी पिठाची गिरणी चालू केलीय असं वाटायचं, बायको म्हणाली पन्हाळा राहू दे, आधी गाडी दाखवा.

मग मी काय केलं, सरळ टायरवाल्याकडं गेलो. थरथर म्हटली की चाकाचं बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं), हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतंय. एकदा केलं, फरक नाही, म्हणून दुसऱ्या दुकानात परत केलं, वर अलाइनमेंट पण करून घेतली, दीड हजार गेले आणि गाडी होती तशीच. खरंतर फुकटात कळलं असतं. बॅलन्सिंगची थरथर स्पीडवर असते, म्हणजे हायवेला ८०-९० ला स्टिअरिंग हलायला लागतं आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी त्या स्पीडला हलतच राहतं. माझी गाडी पाय काढला की त्याच क्षणाला गप्प व्हायची. म्हणजे इंजिनावर लोड (जोर) आला तरच थरथर, तिथं चाकाचा संबंधच कमी. ही एक टेस्ट मोकळ्या रस्त्यावर करा आणि मगच पाकीट काढा.

हायवेलाच हलत असेल तरी बॅलन्सिंगच्या आधी रिमच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. उसाच्या फडापर्यंत गाडी नेली असली की काळी माती आत वाळून बसते आणि चाक एका बाजूला जड होतं. नुसतं धुऊन काम होतंय. नट पण तपासा, टायरला फुगा आलाय का बघा, तेवढं पुरे.

दुसरी चूक म्हणजे स्पार्क प्लग, कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देते ती), फिल्टर, जे सुचेल ते बदलत सुटायचं. गाडी मिसिंग मारत असेल, म्हणजे एखाद्या सिलेंडरात पेट्रोल नीट पेटत नसेल, तर ती झटके देते, पिकअप पडतो, बऱ्याचदा न्यूट्रलला उभी असताना पण इंजिन लंगडं चालतंय हे कळतं. तसं असेल तर आधी स्कॅनर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा. पी०३०१ आला तर मिसिंग पहिल्या सिलेंडरला, पी०३०२ आला तर दुसऱ्याला, आणि पी०३०० म्हणजे नेमका एक सिलेंडर पकडता आला नाही. आता पहिल्याचा कोड आला म्हणून लगेच नवी कॉइल घेऊ नका. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर इंजिन बंद करून पहिल्याची तिसऱ्यावर लावा, कोड पण तिसऱ्यावर गेला तर कॉइल खराब, नाही गेला तर प्लग नाहीतर इंजेक्टर (पेट्रोल फवारतो तो) बघायचा. आणि हो, डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो, तुमच्या डिझेलला कोण ‘प्लग-कॉइल बदलू’ म्हणाला तर चहा पिऊन उठा. तिथं डिझेल फिल्टरपासून सुरुवात करायची, त्यात पाणी साचलंय का बघायचं.

चेक इंजिनचा दिवा नुसता लागून राहिला तर गॅरेजपर्यंत सावकाश जाता येतं, पण तो उघडझाप करत असेल तर दाबून चालवू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडं जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) तापवतं, आणि त्याचा खर्च ऐकून घाम फुटतो.

गगनबावड्याला पावसात जाऊन आलं की बॉनेट उघडून प्रेशरनं इंजिन धुवायची आपल्याकडं लई हौस. प्लगच्या खड्ड्यात पाणी बसतं आणि दुसऱ्या दिवशी गाडी मिसिंग. ओल्या फडक्यानं पुसा की, इंजिन काय लग्नाला न्यायचंय?

मग माझ्या गाडीला झालतं काय? शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीकडं नेली. त्यानं आधी मला हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, पहिल्या गिअरात क्लच जरासा सोडायला लावला आणि स्वतः बाजूला उभा राहून इंजिन किती उसळतंय ते बघितलं (असं करताना गाडीच्या पुढं कुणालाच उभं करू नका). इंजिनाचं माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारं रबर) फाटलेलं असतं तर ते तिथंच उडी मारतं. तसं काय नव्हतं. मग गाडी लिफ्टवर घेऊन त्यानं डावा ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्समधनं चाक फिरवणारा दांडा) गिअरबॉक्सजवळ धरून वर-खाली हलवला. “साहेब, चाकात काय नाय, हितं बघा.” शाफ्टचा आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट खोलला तर ग्रीस काळं आणि पातळ, आणि ज्या वाटीत तीन रोलर फिरतात तिच्या आतल्या बाजूला घासून खड्डे पडलेले. “नख फिरवून बघा,” म्हणाला. फिरवलं तर नख अडकलं की! लोड आला की रोलर त्या खड्ड्यातनं उसळायचे, पाय काढला की गप्प.

आधीच्या गॅरेजवाल्यानं बाहेरचा, चाकाकडचाच जॉइंट बघितला होता. तो खराब असला की स्टिअरिंग पूर्ण कापून वळताना कटकट वाजतो, माझा वाजत नव्हता, म्हणून “ॲक्सल ओके”, म्हणजे शाफ्ट ठीक. आतला बहुतेक वेळा वाजत नाही, नुसता थरथरतो.

जॉइंटवरचा रबरी बूट (ग्रीस आत ठेवणारं टोपण) फाटलेला दिसला आणि जॉइंट अजून चांगला असेल तर नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागतं. पण आत माती गेलीय, खड्डे पडलेत, त्यावर नवा बूट चढवून काय उपयोग नाही. अजून एक, शाफ्ट ओढला की बऱ्याच गाड्यांत गिअर ऑइल सांडतं, ते परत लेव्हलला भरलं का आणि ऑइल सील नवं टाकलं का ते समोर उभं राहून बघा. माझ्यावेळी मिस्त्री भरायचं विसरला नव्हता, पण मी विचारल्यावर हसला, “एवढं बघणारं गिऱ्हाईक कमी येतंय” म्हणाला.

आणि गाडी फक्त जागेवरनं उचलतानाच थरथरत असेल, पुढं नीट पळत असेल, तर वरचं सगळं सोडा, क्लच बघा.