बेळगावहून चीनची शहरे पाहायला जाताना
निपाणी-खानापूरकडच्या प्रवाशाने निघण्यापूर्वीच मोबाईलवर अलीपे हे पैसे देण्याचे चिनी अ‍ॅप घेऊन त्याला आंतरराष्ट्रीय कार्ड जोडावे, कारण तेथे भाजीवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत बहुतेक व्यवहार क्यूआर कोडवर चालतात. गूगल व व्हॉट्सअ‍ॅप तेथे बंद असल्याने हॉटेलचा चिनी लिपीतील पत्ता जवळ ठेवावा. १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र ठरलेल्या शेन्झेनमध्ये मुख्य रस्त्यांवरून केवळ उंच इमारतीच दिसतात. म्हणून पहाटे उठून, वाढत्या शहराने चहूबाजूंनी वेढलेल्या जुन्या खेड्यांच्या अरुंद गल्ल्यांत पायी हिंडावे, जेथे बाओझीच्या, म्हणजे सारण भरून वाफवलेल्या पावांच्या, वाफाळत्या टोपल्या पाहून मला तरी आपल्या खडेबाजारातली सकाळ आठवली. (बाओझीत बहुधा डुकराचे मांस असते, तेव्हा शाकाहाऱ्यांनी विचारूनच घ्यावी.) वाहतूक उजवीकडून चालते आणि विजेवरच्या स्कूटर आवाज न करता येतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना कानांवर विसंबू नये.