"तुमचं कम्युनिकेशन कसं आहे?" इंटरव्ह्यूत या चुका टाळा

चाकण-रांजणगावकडच्या प्लांटमध्ये ट्रेनी किंवा ज्युनिअर इंजिनिअरच्या इंटरव्ह्यूला पॅनेलवर बसलं की एक उत्तर हमखास येतं. "सर, आय हॅव व्हेरी गुड कम्युनिकेशन स्किल्स, आय ॲम अ टीम प्लेअर." झालं, पुढे शांतता. अरे बाबा, चांगलं आहे का नाही ते आम्हाला ठरवू दे की, तू फक्त काय केलंस ते सांग.

पहिली चूक हीच, नुसती विशेषणं. पॅनेलला तुमचं इंग्रजी किती फाडफाड आहे ते बघायचं नसतं (बीपीओ किंवा क्लायंट कॉलचं काम असेल तर बघतात, ते वेगळं). शॉपफ्लोअरवर बघतात ते एवढंच की तुमच्याकडची माहिती ज्याला हवी त्याच्यापर्यंत वेळेत पोचते का, आणि पोचली का नाही याची तुम्ही खात्री करता का.

आता हे उत्तर बघा (सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, इन्सर्ट म्हणजे त्याच्या टूलचं कापणारं टोक, टूल ऑफसेट म्हणजे टूलच्या मापासाठी मशीनमध्ये भरलेली व्हॅल्यू). "फर्स्ट शिफ्टला सीएनसीवर इन्सर्ट बदलला म्हणून टूल ऑफसेट बदलावा लागला. लॉगबुकात लिहिलं, पण आमच्याकडे लॉगबुक सगळे वाचतातच असं नाही, म्हणून मशीनवर टॅग लावला आणि सेकंड शिफ्टचा ऑपरेटर येईपर्यंत थांबलो. त्याला नवीन व्हॅल्यू सांगितली, त्याच्याकडून परत वदवून घेतली, आणि पहिला पीस क्वालिटीकडून चेक करून मगच निघालो." यात कम्युनिकेशन हा शब्द एकदाही नाही. पण कोणाला सांगितलं, कसं सांगितलं, त्याला कळलं का, सगळं आलं. हँडओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना पुढच्याला माहिती देणं, नीट झाला नाही की बोअर (पार्टमधलं भोक) ओव्हरसाइज जातो आणि सकाळी रिजेक्शनचा ढीग बघावा लागतो, हे पॅनेलवरच्या प्रत्येकाने भोगलेलं असतं, त्यामुळे असं उत्तर लगेच पटतं. फ्रेशर असाल तर कॉलेजचा प्रोजेक्ट घ्या, गाइडने शेवटच्या आठवड्यात डिझाइन बदलायला लावलं तेव्हा ग्रुपमधल्या कोणाला कसं कळवलं ते सांगा, तेही चालतं.

क्लासमध्ये स्टार मेथड शिकवतात, सिच्युएशन, टास्क, ॲक्शन, रिझल्ट. पद्धत बरी आहे, पण मुलं पहिल्याच पायरीवर बसून राहतात. कंपनी काय बनवते, प्लांट कुठे आहे, किती लाइन आहेत, मॅनेजर कसे होते... पाल्हाळ नुसतं. सिच्युएशन दोन वाक्यात संपवा, जास्त वेळ ॲक्शनला द्या. आणि तिथे "आम्ही केलं, आम्ही केलं" नको, टीमचं श्रेय टीमला द्या पण तुम्ही स्वतः काय बोललात तेही येऊ दे.

दुसरी पोपटपंची म्हणजे "सर, ९३ टक्के कम्युनिकेशन नॉन-व्हर्बल असतं." हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या अभ्यासांवरून आलेत, शब्द ७, आवाज ३८, चेहरा ५५. पण ते प्रयोग भावना आणि आवडनिवड यापुरते होते, शब्द एक सांगतायत आणि आवाज किंवा चेहरा दुसरंच, अशा वेळी माणूस कशावर विश्वास ठेवतो एवढ्यापुरते. सगळ्या बोलण्याला ते लागू नाहीत हे मेहराबियन यांनी स्वतःच स्पष्ट केलंय. टूल ऑफसेट काय चेहऱ्यावरून कळणारे का? पॅनेलवर कोणी जाणकार निघाला तर तिथेच अडकाल.

"सिनिअरशी मतभेद झाले तेव्हा काय केलं?" यावर दोन टोकं दिसतात. एक म्हणजे "माझं कधीच कोणाशी भांडण नाही", जे कोणालाच खरं वाटत नाही. दुसरं म्हणजे जुन्या बॉसच्या उखाळ्यापाखाळ्या. मधला रस्ता असा की मुद्दा कामाचा निवडा, चारचौघात न बोलता बाजूला जाऊन बोललात का, हातात डेटा होता का, आणि शेवटी निर्णय तुमच्या विरोधात गेला तरी काम केलंत का. हा शेवटचा भाग बरेच जण गाळतात आणि खरं तर पॅनेल त्याचीच वाट बघत असतं.

मराठी मीडियमवाल्यांनी "माय इंग्लिश इज वीक सर" ने सुरुवात करू नका, विचारलंय कोणी? अडलं तर सरळ विचारा, "सर, हिंदीत किंवा मराठीत सांगितलं तर चालेल का?" प्लांटच्या इंटरव्ह्यूत बरेचदा हो म्हणतात. प्रश्न कळला नाही तर तसंच ठोकून देऊ नका, "म्हणजे तुम्हाला हँडओव्हरबद्दल विचारायचंय का?" असं विचारून घ्या, तेही कम्युनिकेशनच आहे.

ऑनलाइन असेल तर समोरच्याचं वाक्य संपल्यावर एक श्वास थांबा, नेट लॅग होतं आणि दोघं एकदम बोलतात. स्क्रीनवरचं उत्तर वाचू नका, डोळे डावीकडून उजवीकडे पळताना स्पष्ट दिसतात.

आणि शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" म्हटलं की लगेच "नो सर" नको. इथे शिफ्ट हँडओव्हर लॉगबुकवर होतो का मोबाईलवर, एवढं तरी विचारा.