आपल्या नात्यासाठी योग्य कपल थेरपिस्ट कसा शोधावा: मुंबईकर जोडप्यांसाठी

लग्न ठरवताना आपण स्थळाची चौकशी पाहुण्यांच्या पाहुण्यांपर्यंत करतो. तेच लग्न अडचणीत आलं की मोबाइलवर ‘मॅरेज काउन्सेलर निअर मी’ टाकतो आणि पहिलं जे नाव दिसेल तिथली वेळ घेतो. ज्या तिसऱ्या माणसासमोर तुम्ही तुमचं भांडण, पैसा, अंथरूण सगळं उघडं करणार आहात, त्याची चौकशी स्थळापेक्षा काकणभर जास्तच व्हायला हवी. कारण चुकीच्या माणसाकडे गेलेलं जोडपं बहुतेकदा दुसऱ्याकडे जातच नाही. ‘काउन्सेलिंगही करून पाहिलं’ म्हणतात आणि तो विषय कायमचा मिटतो.

निवड करताना मी एक कसोटी सगळ्यांत वर ठेवते. दोघांपैकी जो यायला नाखूश आहे, त्यालाही त्या खोलीत आपलं ऐकलं जातंय असं वाटलं पाहिजे. ज्याने पुढाकार घेतला तो तर बोलतोच. दुसरा गप्प राहिला, तर कितीही नावाजलेला थेरपिस्ट असो, तिथे काम होत नाही.

सगळ्यात आधी: घरात भीती आहे का?

मारहाण, धमक्या, पैसे अडवून ठेवणं, फोन तपासणं, नकार दिल्यावरही शरीरसंबंधाची जबरदस्ती, यातलं काही घरात होत असेल तर जोडीने थेरपीला जाणं ही पहिली पायरी होऊ शकत नाही. सेशनमध्ये बोललेल्या खऱ्या गोष्टीची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागू शकते. शिवाय दोघांना शेजारी बसवून ‘तुम्ही दोघं काय बदलाल?’ असं विचारलं, की मार खाणाऱ्या व्यक्तीलाच आपलं काय चुकलं हे शोधावं लागतं.

अशा वेळी आधी एकटीने मदत घ्या. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत १९८४ मध्ये महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतात. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिकेचं ‘दिलासा’ केंद्र आहे. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१, तातडीच्या वेळी ११२. ‘एकदाच हात उचलला होता’ असं असलं तरी थेरपिस्टला पहिल्याच फोनवर सांगा. चांगला थेरपिस्ट तसंही सुरुवातीला दोघांना वेगवेगळं भेटून याबद्दल विचारतोच.

पायरी १: दोघांनी वेगवेगळं लिहा

एका कागदावर चार ओळी पुरेत: मला काय खुपतंय, सहा महिन्यांनी काय वेगळं दिसावं असं वाटतं. एकमेकांना न दाखवता लिहा, मग ताडून बघा. तिच्या कागदावर सासूबाई असतील आणि त्याच्या कागदावर विरार–चर्चगेटचा प्रवास आणि घराचे हप्ते. हा फरक कळणं हीच थेरपीची सुरुवात.

एकाला नातं टिकवायचंय आणि दुसऱ्याचं अजून ठरतच नाहीये, असंही बऱ्याचदा दिसतं. अशा जोडप्यांसाठी अमेरिकेतल्या विल्यम डोहर्टी यांनी ‘डिसर्नमेंट काउन्सेलिंग’ नावाची छोटी, जास्तीत जास्त ५ भेटींची पद्धत तयार केली. तिच्यात नातं दुरुस्त करायला घेत नाहीत. थांबायचं, वेगळं व्हायचं की थेरपीला जोर लावून बघायचं, एवढंच ठरवतात. तुमची परिस्थिती अशी असेल तर फोनवर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे थेरपिस्ट अर्धवट मनाने आलेल्या माणसाला गृहपाठ देत बसणार नाही.

त्रास शरीरसंबंधातला असेल तर आधी डॉक्टरला दाखवा. मधुमेह, रक्तदाबावरची काही औषधं, स्त्रियांमध्ये संबंधाच्या वेळी होणारं दुखणं, यांची कारणं शरीरातही असू शकतात. लोकलच्या डब्यातल्या स्टिकरवरच्या ‘गुप्त रोग’वाल्यांकडे आणि नवरा-बायकोचं भांडण मिटवून देणाऱ्या बाबांकडे मात्र एक रुपयाही घालवू नका. दारूचं व्यसन असेल तर त्याचे उपचार सोबतीने सुरू हवेत. नुसत्या कपल थेरपीने ते सुटत नाही.

पायरी २: पाटीवरच्या डिग्र्या नीट वाचा

इथे सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून सावकाश सांगते.

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअॅट्रिस्ट, हे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम (पदविका) केलेले डॉक्टर. ते औषधं लिहून देऊ शकतात. त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. दोघांपैकी एकाला नैराश्य असेल, झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर यांच्याकडे आधी जा. पण औषधं देण्यात निष्णात असलेला प्रत्येक डॉक्टर जोडप्यांसोबत काम करतोच असं नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने चालते. नोंदणी क्रमांक मागितला तर खरा माणूस तो लगेच देतो आणि परिषदेच्या वेबसाइटवर तो तपासता येतो.

उरतात समुपदेशक, म्हणजे काउन्सेलर आणि थेरपिस्ट. मुंबईत जोडप्यांसोबत काम करणारे बरेचसे लोक याच गटातले आहेत आणि त्यांतले कित्येक उत्तम आहेत. पण दारावर ‘रिलेशनशिप काउन्सेलर’ अशी पाटी लावायला आजवर परवान्याची गरज पडत आलेली नाही. २०२१ च्या आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात समुपदेशकांच्या नोंदणीची तरतूद झाली, तरी ती घडी अजून पूर्ण बसलेली नाही. त्यामुळे विचारपूस तुम्हालाच करावी लागते. मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात नियमित एमए, एमएससी किंवा एमएसडब्ल्यू आहे का? काही शनिवार-रविवारच्या ऑनलाइन कोर्सवर ‘लाइफ कोच’ झालेल्या माणसाकडे लग्न सोपवू नका.

याच्यावर जोडप्यांसाठीचं वेगळं प्रशिक्षण आहे का ते बघा, कारण एका माणसाशी बोलणं आणि एकमेकांवर चिडलेल्या दोघांना एकाच वेळी सांभाळणं ही दोन निराळी कौशल्यं आहेत. दोन नावं वारंवार कानावर पडतील. जॉन आणि ज्युली गॉटमन यांची पद्धत जोडपं भांडतं कसं हे बारकाईने पाहते. टीका, तुच्छता, बचावाचा पवित्रा आणि अबोला या चार सवयींवर तिचा भर आहे. दुसरी इमोशनली फोकस्ड थेरपी, म्हणजे ईएफटी. स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी ती १९८० च्या दशकात कॅनडात मांडली. ‘तू मला सोडून जाशील’ ही भीती रागाच्या खाली कशी दडलेली असते, तिथपर्यंत ती नेते. दोन्हींपैकी कुठलीही चालेल. फक्त ‘गॉटमन ट्रेन्ड’ असं ऐकलं की कुठल्या पातळीपर्यंत, ते विचारा. पहिली पातळी म्हणजे दोन दिवसांची कार्यशाळा. त्यापुढे बरीच मजल असते.

पायरी ३: नावं कुठून मिळवायची

तीन-चार नावांची यादी करा, दहांची नको. पैशांची ओढाताण असेल तर केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. केस पेपर काढायचा, रांगेत बसायचं. तिथे गर्दी असते, दर वेळी तासभर निवांत मिळेलच असं नाही, पण योग्य ठिकाणी पाठवणारे जाणकार लोक तिथे भेटतात. ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएच, ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून मराठी कुटुंबांमध्ये काम करते आहे. मध्य रेल्वेवरच्या मंडळींना ती जवळची. टेलिमानस १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर मराठीतून बोलता येतं. ऑफिस मोठं असेल तर एचआरकडे चौकशी करा, कित्येक कंपन्या कर्मचाऱ्यांना काही सेशन मोफत देतात आणि फार थोडे लोक त्याचा लाभ घेतात.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कौटुंबिक न्यायालयातही विवाह समुपदेशक असतात. ते कामाचे आहेत, पण त्यांची भूमिका वेगळी. प्रकरण कोर्टात आल्यावर समेट होतो का हे ते बघतात. महिनोन्महिने चालणारी थेरपी तिथे मिळणार नाही.

मैत्रिणीने सुचवलेलं नाव जरूर घ्या. पण दोघांपैकी एकजण ज्याच्याकडे आधीपासून एकट्याने जातो, त्याच थेरपिस्टला कपल थेरपी करायला सांगू नका. दुसऱ्याला पहिल्या दिवसापासून वाटतं, हा तिच्या बाजूचा. मामा, सोसायटीतल्या काकू, घराण्याचे गुरुजी, सगळे प्रेमापोटीच बोलतील. पण त्यांचं तुमच्याशी नातं आहे, म्हणून ते तिऱ्हाईत होऊ शकत नाहीत.

पायरी ४: वेळ घेण्याआधी फोनवर विचारा

दहा मिनिटांचा फोन पुरतो. शक्यतो स्पीकरवर ठेवून दोघांनी ऐका.

– तुमच्या कामात जोडपी किती असतात? अधूनमधून की नियमित?
– सुरुवात कशी करता? दोघांना एकत्र भेटून, मग एकेकट्याला भेटून, मग तुमचं निरीक्षण सांगता का?
– एकट्याच्या भेटीत मी काही सांगितलं, तर ते जोडीदारापासून गुप्त ठेवाल का?
– आम्ही वेगळं व्हायचं ठरवलं तर तुमची भूमिका काय असेल?
– फी किती, सेशन किती मिनिटांचं, ऐनवेळी रद्द झालं तर काय?

तिसरा प्रश्न अजिबात चुकवू नका. काही थेरपिस्ट ‘गुपितं ठेवणार नाही’ असा नियम आधीच सांगतात, काही मर्यादित गोष्टी स्वतःपाशी ठेवतात. दोन्ही चालेल, पण नियम आधी माहीत हवा. नाहीतर बाहेरच्या संबंधांची गोष्ट थेरपिस्टच्या पोटात आणि जोडीदार अंधारात, असा पेच होतो आणि तो कळला की थेरपिस्टवरचाही विश्वास जातो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. तरी पुढे कोर्टाची शक्यता असेल, तर लेखी नोंदींचं काय होतं हेही विचारून ठेवा.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर लक्ष देऊन ऐका. ‘काही झालं तरी संसार मोडू देत नाही’ किंवा ‘बाईने थोडं समजून घ्यायला हवं’ असं ऐकू आलं, तर ते नाव खोडा. मुलांकडे बघून सहन करा, हा सल्ला नातेवाईक फुकट देतात.

लिव्ह-इनमध्ये असाल, आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय लग्न असेल, दोघी किंवा दोघे असाल, तर तेही फोनवरच सांगा आणि आवाजातला बदल टिपा. समलैंगिक संबंध २०१८ पासून गुन्हा नाहीत आणि ते ‘बरं करण्याचा’ दावा करणाऱ्या डॉक्टरवर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये गैरवर्तनाचा ठपका ठेवला आहे. असा दावा कुणी केला तर फोन ठेवून द्या.

पायरी ५: भाषा, अंतर, भिंती, पैसा

तुम्ही भांडता मराठीत, तर थेरपीही मराठीत होईल असं बघा. इंग्रजीत माणूस ‘आय फील नेग्लेक्टेड’ म्हणतो आणि शांत बसतो. मराठीत तोच ‘मी या घरात फक्त पाकीट आहे’ म्हणतो आणि मग खरं बोलणं सुरू होतं. दोघांपैकी एकाचं इंग्रजी सफाईदार आणि दुसऱ्याचं अडखळतं असेल, तर इंग्रजी सेशनमध्ये पारडं पहिल्या वाक्यालाच झुकतं. मायबोली वेगवेगळी असेल तर घरात जी भाषा चालते ती मागा.

जागा दोघांना सारखीच सोयीची हवी. एक गोरेगावहून आणि एक कल्याणहून येत असेल तर दादर बरं पडतं. संध्याकाळी सातच्या गर्दीत उभं राहून आल्यावर कुणाचंही डोकं थाऱ्यावर नसतं, म्हणून शनिवारची सकाळ मिळते का बघा. ऑनलाइन सेशनला प्रवास वाचतो, पण वन रूम किचनमध्ये पलीकडे आई टीव्ही बघत असेल तर कुणी मोकळं बोलणार नाही. अशांनी महिन्यातून निदान एकदा तरी प्रत्यक्ष भेट ठेवावी.

खासगी ठिकाणी एका सेशनला साधारण दीड हजारांपासून चार-पाच हजारांपर्यंत मोजावे लागतात. ‘आमचं उत्पन्न इतकं आहे, फी कमी होईल का?’ असं विचारायला संकोच करू नका. काहीजण त्यासाठी जागा राखून ठेवतात. आरोग्य विम्यातून हे पैसे मिळतील असं धरून चालू नका. खर्च दोघांच्या खिशातून जावा असं माझं मत आहे, दोघेही कमावत असतील तर नक्कीच.

आणि जो यायला तयार नाही, त्याला कसं विचारायचं? ‘तुला काउन्सेलिंगची गरज आहे’ म्हणालात की संपलं. त्याऐवजी असं म्हणून बघा: ‘आपण दर वेळी तिथेच येऊन अडकतो, मला एकटीला वाट सापडत नाहीये. तीन वेळा माझ्याबरोबर चल. नंतरही नको वाटलं तर मी आग्रह धरणार नाही.’ थेरपिस्ट निवडायचा हक्कही त्यालाच द्या. तुम्ही काढलेल्या तीन नावांतून एक त्याला निवडू द्या.

पायरी ६: पहिल्या तीन भेटींत काय पाहायचं

पहिल्या भेटीनंतर बरं वाटेलच असं नाही. कधी घरी येताना टॅक्सीत शब्द फुटत नाही. तो थेरपिस्ट वाईट असल्याचा पुरावा मानू नका. बघायचं ते असं: दोघांना बोलायला मिळालं का? आवाज चढले तेव्हा त्यांनी थांबवलं का, की वीस मिनिटं तुम्हाला भांडू दिलं? तुमच्यातलं चक्र त्यांनी त्यांच्या शब्दांत मांडून दाखवलं का, आणि ते दोघांनाही पटलं का? तिसऱ्या भेटीपर्यंत पुढची दिशा काय हे त्यांना सांगता यायला हवं.

ते सतत एकाच्याच बाजूने मान डोलावत असतील, स्वतःच्या संसाराचे किस्से सांगत असतील, पत्रिका मागत असतील किंवा वीस सेशनचे पैसे आगाऊ भरायला लावत असतील, तर थांबा.

बदलायचं ठरलं तर गुपचूप जाणं बंद करू नका. ‘आम्हाला दोघांना इथे सारखं बोलता येत नाहीये’ एवढं एका भेटीत किंवा फोनवर सांगा. कधी तेवढ्यानेही त्यांची पद्धत सुधारते. नाही सुधारली तर तुमच्यासाठी दुसरं नाव सुचवायला सांगा आणि आतापर्यंतच्या कामाचा सारांश मागून घ्या, म्हणजे नव्या ठिकाणी सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार नाही. पुढची वेळ त्याच आठवड्यात घ्या.