दमदार सलून (सेडान) गाडी पारखताना

बॉनेट नंतर उघडा. आधी बाजूला, दहा पावलं लांब उभे राहा. पुढचं चाक आणि दरवाजा यांत अंतर मोठं दिसलं, की नजर आपोआप मागच्या चाकांकडे जाते. ताकद तिकडेच जाते. बीएमडब्ल्यूच्या ई६० पिढीतली एम५ म्हणजे ५ सिरीजचीच दमदार आवृत्ती; साध्या गाडीपेक्षा मडगार्डवरच्या जाळ्या आणि मागचे चार सायलेन्सर पाइप हेच ठळक वेगळेपण. मला तो संयम फार आवडतो. त्याच काळातली मर्सिडीज ई५५ एएमजी लंबगोल दिव्यांमुळे सौम्य वाटते.

स्वभाव मात्र उलटे. एम५ चं ५ लिटरचं व्ही१० इंजिन ५०७ अश्वशक्ती देतं, पण इंजिनच्या मिनिटाला ७७५० फेऱ्यांना. ५२० न्यूटन-मीटर टॉर्कसुद्धा (चाक फिरवणारा पिळाचा जोर) ६१०० ला. ई५५ चं ५.४ लिटरचं व्ही८ सुपरचार्जरवर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) २६५० फेऱ्यांपासूनच ७०० न्यूटन-मीटर देतं.

म्हणून चाचणी परशुराम घाटाच्या चढावर घ्या, चिपळूणच्या बाजारात नव्हे. गिअर न बदलता अॅक्सिलरेटर हळूहळू दाबा. ई५५ लगेच रेटते. एम५ ला फेऱ्या चढू द्याव्या लागतात, मग ती खरी गाते. आमच्या वळणांना मी ई५५ घेईन. उतरताना ब्रेक जपा, दोन्ही पावणेदोन टनांहून जड आहेत.