पासवर्ड टाकला, आता चहा पिऊन या? ऑफिसातलं रखडलेलं लॉगिन असं शोधा

नागपूरच्या गांधीबागेतल्या एका ठोक कापड व्यापाऱ्यांच्या ऑफिसातून सकाळी फोन आला. "भाऊ, पासवर्ड टाकून चार मिनिटं झाली, अजून गोल गोल फिरूनच राहिलंय." नऊ कॉम्प्युटर, एक सर्व्हर, आणि रखडलेले फक्त चार. मालकांचा इलाज तयारच होता: "फॉरमॅट मारून टाका."

फॉरमॅट मारू नका. लॉगिन रखडतं तेव्हा कॉम्प्युटर बहुतेक वेळा कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहत बसलेला असतो. कुणाची, ते शोधायचं.

आधी मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि तीन टप्प्यांना लागलेला वेळ लिहून घ्या: बटण दाबल्यापासून पासवर्डच्या पडद्यापर्यंत, तिथून डेस्कटॉप दिसेपर्यंत, आणि डेस्कटॉप दिसल्यापासून टॅली उघडेपर्यंत. पहिला किंवा तिसरा टप्पा लांबतोय आणि आत जुनी हार्ड डिस्क आहे, तर एसएसडी (वेगवान डिस्क) बसवा, टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधले नको ते प्रोग्रॅम बंद करा. बरेचदा तिथेच काम संपतं. मधला टप्पा लांबत असेल तर पुढे वाचा.

आता मागची लॅनची केबल काढा, वायफाय असेल तर तेही बंद करा, रीस्टार्ट करून लॉगिन करा. त्या कॉम्प्युटरवर आधी लॉगिन केलेल्यांची ओळख विंडोज जपून ठेवतं (मूळ सेटिंगमध्ये १० जणांची), म्हणून सर्व्हर नसतानाही आत घेतं. असं केल्यावर लॉगिन झटपट झालं तर कॉम्प्युटर निर्दोष, दोष केबलच्या पलीकडे. गांधीबागेत वीस सेकंदांत डेस्कटॉप आला. मालक म्हणाले, "मंग केबल काढूनच ठेवू ना!"

केबल परत लावा आणि डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा, बघा. छोट्या ऑफिसात मला सगळ्यात जास्त वेळा चोर इथेच सापडला आहे. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, सीएमडी टाइप करा, काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि ऑल (ipconfig /all). 'डीएनएस सर्व्हर्स'च्या ओळीत तुमच्या ऑफिसच्या सर्व्हरचाच पत्ता हवा. तिथे सर्व्हर होता १९२.१६८.१.१०. नीट चालणाऱ्या पाच कॉम्प्युटरवर तोच आकडा, रखडलेल्या चारांवर १९२.१६८.१.१, म्हणजे राउटरचा.

झालं असं होतं, की महिन्यापूर्वी इंटरनेटवाल्याने राउटर बदलला. नव्या राउटरमध्ये डीएचसीपी (कॉम्प्युटरांना पत्ते वाटणारी सोय) चालूच येतं, म्हणजे पत्ते वाटणारे दोघे झाले: सर्व्हर आणि राउटर. सकाळी ज्याचं उत्तर आधी पोहोचलं, त्याने दिलेला पत्ता आणि डीएनएस कॉम्प्युटरने घेतला. मग लॉगिनच्या वेळी कॉम्प्युटर राउटरला विचारणार, "आपल्या डोमेनचा, म्हणजे ऑफिसच्या जाळ्याचा, सर्व्हर कुठे आहे?" राउटर ते बाहेरच्या जगाला विचारणार, आणि बाहेरच्या जगाला तुमच्या ऑफिसचं नावही माहीत नाही. विंडोज पुन्हा विचारतं, थांबतं, शेवटी जपून ठेवलेल्या ओळखीवर आत घेतं. या सगळ्यात इंटरनेट मात्र सुरळीत असतं, म्हणून राउटरवर कुणाचा संशय जात नाही.

उपाय असा. सर्व्हरवरचं डीएचसीपी चालू आहे याची खात्री करून राउटरमधलं बंद करा. बाहेरच्या वेबसाइटसाठी सर्व्हरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर (बाहेरची नावं कुणाला विचारायची तो पत्ता) भरा. कॉम्प्युटरवर दुसरा डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ 'असू द्या' म्हणून टाकू नका. पहिल्याने उत्तराला उशीर केला की विंडोज दुसऱ्याकडे वळतं आणि पुन्हा तीच कथा. मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

डीएनएस बरोबर असेल तर 'धिस पीसी' उघडा. कधीच भंगारात गेलेल्या सर्व्हरची ड्राइव्ह लाल फुलीसह लटकलेली दिसते का? काढून टाका. विकलेल्या प्रिंटरचंही तेच.

प्रोफाइल (तुमचा डेस्कटॉप, सेटिंग वगैरे) सर्व्हरवर ठेवलेलं असेल तर डेस्कटॉपचं वजन बघा. एकीकडे अकाउंटंट ताईंच्या डेस्कटॉपवर भाच्याच्या लग्नाचा ६ जीबीचा व्हिडिओ होता. १०० एमबीपीएसच्या तारेवरून सेकंदाला फार तर १२.५ एमबी जातात. ताई दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसल्या की आठ मिनिटं त्या व्हिडिओचीच वरात. आणि तार १०० वर का? गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) केबलमधल्या चारही जोड्या लागतात. गोदामातल्या उंदराने एक कुरतडली की बरेचदा वेग गुपचूप उतरतो, नेट मात्र चालूच राहतं. स्विच (सगळ्या केबल जोडतो तो डबा) कूलरच्या झोतातही ठेवू नका. मे महिन्यात माणसाला बरं वाटतं ते ओलं वारं पोर्टला मानवत नाही.

एकच कॉम्प्युटर लॉगिनला अडत असेल तर त्याचं घड्याळ बघा. सर्व्हरशी ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की ओळख पटवणं नाकारलं जातं. दिवाळीच्या सुट्टीनंतर हे झालं तर मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर २०३२ सेल बदला, स्वस्तातलं काम आहे.

एवढं करूनही रखडलंच, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) ग्रुप पॉलिसीच्या, म्हणजे सर्व्हरने लावलेल्या नियमांच्या, ऑपरेशनल नोंदींत ८००१ क्रमांक शोधा. लॉगिनच्या वेळी पॉलिसीने किती सेकंद खाल्ले ते तिथे लिहिलेलं असतं. त्याचा फोटो तंत्रज्ञाला पाठवा.

गांधीबागेत निघताना राउटरवर चिकटपट्टी लावून स्केचपेनने लिहिलं: 'डीएचसीपी बंद. रीसेट केल्यास आधी फोन करा.' पुढच्या वेळी इंटरनेटवाला येईल तेव्हा मी तिथे नसणार.